सासूबाईंची पेटी आणि बँडची तारीख

"कोण गेलं?" शवपेट्यांच्या दुकानातल्या अंडरटेकरने आवाज एकदम खाली आणून विचारलं.

"अजून कोन नाय," माझ्या सासूबाई म्हणाल्या. "माझ्यासाठी बघायला आलो. दाखव काय काय हाय ते."

त्या माणसाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. धडधाकट म्हातारी, हातात भाजीची पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर आणि शेजारी सून. त्याच्या चेहऱ्यावर सुनेबद्दल जे उमटलं ते मला स्वच्छ वाचता आलं. मी ओरडून सांगणार होते की बाबा रे, ही कल्पना माझी नाही, मला ओढून आणलंय. पण तोवर मम्मी आत शिरून एका पेटीच्या झाकणावर टिचक्या मारत होत्या, कलिंगड घेताना मारतात तशा.

नवरा त्यांना मम्मी म्हणतो, म्हणून मीही मम्मीच म्हणते. मी डोंबिवलीची, हिंदू घरातली. लग्न करून कोलशेतच्या या ख्रिस्ती घरात आले त्याला आठ वर्षं झाली. सासरे त्याच्या चार वर्षं आधी गेलेले, त्यांना मी फक्त फोटोत पाहिलंय. फोटोत ते बँडच्या लाल कोटात आहेत आणि हातात क्लॅरिनेट आहे. नोकरी फॅक्टरीत, पण जीव बँडमध्ये. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी आणायला वाजतगाजत जातात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. या भागातल्या निम्म्या नवऱ्यांचं ते पाणी माझ्या सासऱ्यांच्या क्लॅरिनेटमागून चालत आलेलं आहे.

अंडरटेकरने भाव सांगितला तशा मम्मी मागे वळल्या. बाहेर आल्या, रिक्षात बसल्या आणि मग बोलायला लागल्या.

"तुझा सासरा गेला तवा हाच मानूस घरी आला. चोपडं घेऊन. फोटोंचं. मी रडतेय नि हा पान उलटतोय. पितळेच्या कड्या लावू? लाव. आतून साटीन? लाव. काचेची गाडी? आन बाबा. रडनारं मानूस भाव करतं का गो? हातात होतं ते सगलं त्या पेटीत गेलं. मग कोनीतरी विचारलं, बँडचं काय?"

सासऱ्यांचे जोडीदार तोवर एक तर थकले होते, नाहीतर त्यांच्या आधीच गेले होते. बँड आणायचा तर भाड्याचा आणायचा, आणि भाड्याला काही उरलं नव्हतं. अख्ख्या गावाला वाजवून नाचवणारा माणूस पितळेच्या कड्यांच्या पेटीतून मुकाट्याने गेला. कोलशेत ते दफनभूमी, एक सूर नाही. मम्मींना ते बारा वर्षं सलत होतं.

"माझ्या वेळेला बँड पाहिजे," त्या म्हणाल्या. "पूर्ण. बारा मानसांचा. रडकी गानी नको, लग्नातली."

त्यासाठी त्यांनी पैसे बाजूला ठेवले होते. दर उन्हाळ्यात त्या मिरच्या वाळवून, भाजून, कुटून बाटलीत भरायचा मसाला करतात आणि विकतात. अर्धं ठाणं त्यावर जेवतं असं त्यांचं म्हणणं आहे. मुलाकडून एक रुपया घ्यायचा नाही हा त्यांचा हट्ट. मुलाच्या पैशाने आणला तर तो मुलाचा बँड. आणि मसाल्याच्या पैशात एकच गोष्ट बसत होती, अंडरटेकरची पेटी किंवा बँड.

"म्हनून पेटी आपन आपली करायची," मम्मी म्हणाल्या. "तू फर्निचरमध्ये हायस ना?"

मी घोडबंदर रोडवर मॉड्युलर किचनच्या शोरूममध्ये काम करते. विक्री माझ्याकडे आहे. समोरचा माणूस नुसता एसी खायला आलेला असला तरी मी त्याला ट्रॉलीसकट ओटा विकून पाठवते. आठ वर्षांत सासूने माझं कौतुक केलेलं मला आठवत नाही. माझं वरण पातळ, माझा आवाज मोठा, माझी झाडू मारायची दिशा उलटी. आणि आता पोटचा मुलगा सोडून या बाईने आपली शेवटची पेटी माझ्यावर सोपवली होती. मला इतका आनंद झाला की मी रिक्षातच मोबाइल काढून डिझाइन करायला घेतलं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्याने घास खाली ठेवला.

"तुम्ही दोघी वेड्या झालात का? लोक काय म्हणतील? सुनेने जिवंत सासूची पेटी करवून घेतली?"

"तू गप जेव," मम्मी म्हणाल्या. "तुला पेटीतलं काय कलतंय? तुझ्या बापाच्या वेळेला तूच म्हनलेलास ना, कड्या छान हायत."

तो गप जेवला.

माझं डिझाइन, मी सांगते, अप्रतिम होतं. आमच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या ऑर्डरींचे तुकडे पडून असतात, ते कर्मचाऱ्यांना जवळजवळ फुकट मिळतात. मी सुताराला पटवलं आणि सगळं मरीन प्लायमध्ये करवून घेतलं. बाहेरून अक्रोडी रंगाचं लॅमिनेट, आतून पांढरं. कडांना पट्टी. आणि झाकणाला, हे माझ्या डोक्यातून निघालेलं, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या. झाकण सोडलं तरी धाडकन पडत नाही, हळूहळू, अगदी अदबीने मिटतं. सुतार पहिल्यांदा बिचकला होता, पण ते मिटणारं झाकण पाहिल्यावर तोही खूश झाला आणि आम्ही दोघांनी ते सतरा वेळा उघडून मिटून पाहिलं.

पेटी घरी आली तेव्हा चार जणांना घाम फुटला, इतकी जड. मम्मींनी चपला काढल्या, आत पाय टाकला आणि आडव्या झाल्या. मी झाकण सोडलं. ते हळूच मिटलं. आतून आवाज आला, "आयला!" मग आतून हसणं ऐकू आलं, आणि ते थांबेना. झाकण उघडलं तर बाई डोळे पुसत होत्या. नवरा स्वयंपाकघरात जाऊन बसला होता, त्याला हे बघवत नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर आम्ही दफनभूमीत गेलो. मम्मी दर रविवारी सासऱ्यांना भेटतात. तिथल्या मागच्या भिंतीत हातभर संगमरवरी फरशा बसवलेल्या आहेत, त्यातल्या एकीवर त्यांचं नाव आहे. तिथे मेणबत्ती लावायची, चार शब्द बोलायचे आणि निघायचं. दफनभूमी सांभाळणारे म्हातारे काका झाडांना पाणी घालत होते. मम्मींनी मला कोपराने ढोसलं, "दाखव त्याला फोटो."

मी दाखवला. काकांनी चष्मा वर-खाली करून पाहिला.

"लाकूड कुठलं?"

एवढं विचारायचा अवकाश, मी सुरू झाले. म्हटलं, मरीन प्लाय आहे काका, साधंसुधं नाही. पाण्यात बुडवून ठेवा, फुगणार नाही. उकळत्या पाण्यात टाका, थर सुटणार नाहीत.

"वाळवी?"

"नावच नको! पंचवीस वर्षांची गॅरंटी. लेखी."

"बुरशी?"

"शक्यच नाही. केमिकल मारलेलं आहे."

काकांनी नळ बंद केला. "मग बाय, ही तू परत ने."

मला वाटलं, यांना किंमत जास्त वाटली. मी कटपीसचं सांगायला लागले. त्यांनी हात वर केला आणि मला शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं. ही जागा केवढी, आणि माणसं किती? इथे खड्डा कायमचा कोणाला मिळत नाही. काही वर्षं माती काम करते, मग जागा उघडायची, जे उरलं असेल ते गोळा करून त्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचं, आणि खड्डा पुढच्या माणसाला. म्हणून पेटी हलक्या लाकडाची लागते. कुजणारी. लवकर कुजणारी.

"तुझी ही पेटी उघडायची वेळ आली," काका म्हणाले, "तर आतून तुझी सासू विचारंल, कोन हाय?"

मी भिंतीकडे बघितलं. आठ वर्षं मी त्या फरशीसमोर मेणबत्ती लावत होते आणि मला वाटायचं ती नुसती नावाची पाटी आहे.

"म्हणजे पप्पा..."

"तिथंच हाय ना तो, फरशीच्या मागं," मम्मी म्हणाल्या. "तुला काय वाटलं? आठ वर्षं कोनाशी बोलते मी?"

आणि मग त्या हसायला लागल्या. बाकावर बसून, पोट धरून. "पंचवीस वर्षांची गॅरंटी," त्या परत परत म्हणत होत्या, "मी आत आरामात, नि भायेर लाइन लागलीय!" काकाही हसायला लागले. पूर्ण शोरूममध्ये माझ्यासारखी विक्री कोणाला जमत नाही, आणि मी कुजायच्या कामाला न कुजणारा माल विकायला गेले होते. मला आधी राग आला, मग रडू, आणि मग तिथेच, सगळ्या मेलेल्या माणसांच्या देखत, मला असं हसू फुटलं की माझी उचकी लागली.

ती पेटी आता बाहेरच्या खोलीत आहे. तिच्यात गोधड्या ठेवतो, वर गादी टाकली आहे. पाहुणे बसतात आणि विचारतात, कुठून घेतली? मी म्हणते, स्पेशल ऑर्डर.

पण बँडचा प्रश्न तसाच राहिला. मम्मींनी दोन दिवस मसाल्याचे पैसे परत परत मोजले. तिसऱ्या दिवशी त्यांनी अंडरटेकरचं कार्ड शोधून काढून टेबलावर ठेवलं. तोंड एवढंसं झालं होतं. ते कार्ड पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, थांबा. कुजणारंच पाहिजे ना? मी ज्या गावात वाढले तिथे कुजणाऱ्या लाकडाला तोटा नाही.

माझे बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत नोकरीला होते. मानपाड्याला त्यांच्या एका मित्राचं वर्कशॉप आहे. तो मशिनं परदेशी पाठवायची खोकी बनवतो. साधं पाइनचं लाकूड, हलकं, चार फळ्या आणि खिळे. त्या खोक्यांच्या मोडक्या फळ्यांवर आमच्या चाळीत पाणी तापायचं. मी मम्मींना घेऊन थेट तिथे गेले.

बाबांचे मित्र, म्हणजे माझे काकाच, कानावर पेन्सिल खोचून बसले होते. मी सांगितलं, सहा फुटी खोकं पाहिजे. त्यांनी वही ओढली.

"माल काय आहे?"

"मी," मम्मी म्हणाल्या.

काकांनी पेन्सिल कानावरून काढली आणि परत खोचली. पण माणूस धंद्याचा. विचारलंच, "वजन?"

"पंचावन्न."

"मम्मी!" मी म्हटलं.

"बरं, अडुसष्ट. पन तोवर कमी होईल ना."

त्यांनी मापं घेतली. उंची, खांदे. चारी बाजूंनी दोन इंच जागा सोडू का, असं विचारलं, कारण मशिनला तेवढी थर्माकोलसाठी सोडतात. मम्मी म्हणाल्या, थर्माकोल नको, पण सोड, मना हात पसरून झोपायची सवय हाय. काकांनी ते वहीत लिहून घेतलं. पैशाचं निघालं तेव्हा ते नको म्हणायला लागले, तुझ्या बाबांचे आणि माझे कधी हिशोब होते का. मम्मींनी ऐकलं नाही. त्या भाव करायला आल्या होत्या, फुकट घ्यायला नाही. अर्धा तास दोघांनी उलटा भाव केला, तो कमी म्हणतोय आणि ही वाढवतेय. शेवटी रक्कम आणि वर मसाल्याच्या दोन बाटल्या असं ठरलं. तरी अंडरटेकरच्या पेटीच्या पावपटीतही नाही.

आठवड्याने टेंपोतून पेटी निघाली. पुढे ड्रायव्हर, मध्ये मम्मी, कडेला मी. शिळफाट्याला ट्रॅफिक हवालदाराने हात दाखवला.

"मागे काय आहे?"

"पेटी," ड्रायव्हर म्हणाला.

"कोणाची?"

"माझी," मम्मी म्हणाल्या आणि गोड हसल्या.

हवालदार मागे गेला. ताडपत्री उचलून पाहिलं. पेटीच्या बाजूला काकांच्या कारागिराने सवयीने शिक्के मारले होते, वर जाणारे दोन बाण आणि फुटक्या ग्लासाचं चित्र. तो परत आला, मम्मींकडे पाहिलं, टोपी सरळ केली आणि म्हणाला, "जा आजी, सावकाश जा." कापूरबावडीला एवढा ट्रॅफिक होता की एक तास गाडी हलली नाही. मम्मी म्हणाल्या, इथंच गेले तर सोयीचं पडंल, माल नि खोकं एकाच गाडीत. ड्रायव्हरने कोलशेत येईपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

दफनभूमीच्या काकांनी पाइन नखाने ओरबाडून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "फस्क्लास. चार पावसात माती." इतकं मनापासून कौतुक मला माझ्या कुठल्याच किचनसाठी मिळालं नव्हतं. पेटी माळ्यावर गेली आणि मम्मींनी बँड मास्तरला बोलावणं धाडलं.

तो आला, चहा प्यायला, बारा माणसांचा दर सांगितला. मम्मींनी तो खाली आणला. लग्नातली गाणी? वाजवू. लाल कोट? घालू. सगळं ठरलं, तेव्हा त्याने मोबाइल काढला.

"तारीख?"

मम्मींनी हातातला कप खाली ठेवला.

"तारीख कशी सांगू?" मम्मी म्हणाल्या. "अॅडव्हान्स घेऊन ठेव. गेले की पोरं फोन करतील."

"तसं नाय होत ना मावशी. डिसेंबरात तुम्ही गेलात तर माझी सगळी पोरं लग्नांना. मेमध्ये तर विचारूच नका. आणि दर वर्षी रेट वाढतो, आजच्या पैशात पाच वर्षांनी सहा जण येतील. तारीख द्या, मी लिहून घेतो."

पेटी आधी आणून ठेवता येते. वाजंत्री नाही. दोघींच्याही डोक्यात ही एवढीशी गोष्ट आली नव्हती. मास्तर गेल्यावर मम्मी माळ्याकडे बघत बसल्या आणि मला त्यांची इतकी दया आली की मी आत जाऊन विनाकारण भांडी आपटली. इतकी धावपळ, आणि बँड हातातून निसटलेलाच.

पुढच्या आठवड्यात मी शोरूममध्ये एका जोडप्याला चिमणी विकत होते तेव्हा नवऱ्याचा फोन आला. आवाज फाटलेला. "लवकर घरी ये. मम्मीने तारीख दिली."

"कसली तारीख?"

"बँडची! मास्तरला फोन करून सांगितलं. अॅडव्हान्सपण दिला. नोव्हेंबरमधली आहे. विचारलं तर म्हणते, मना म्हाईत हाय."

आम्ही दोघांनी ते तीन आठवडे कसे काढले ते आम्हालाच माहीत. नवऱ्याने त्यांना डॉक्टरकडे नेलं, सगळे रिपोर्ट चांगले आले आणि तो आणखीनच घाबरला. मी वरण घट्ट करायला लागले. मम्मी मजेत होत्या. साडी इस्त्रीला टाकली, केसांना मेंदी लावून घेतली. विचारलं की हसायच्या. मी एकदा चिडून ओरडले, "मम्मी, माणूस असं ठरवून जात नसतो!" तर म्हणाल्या, "आवाज किती गो तुझा."

ठरलेल्या दिवशी सकाळी नवऱ्याने कॅलेंडर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तो मृतांचा सण होता, भीतीपायी ते आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या कबरी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. आम्ही दफनभूमीत पोचलो तेव्हा गर्दी होती आणि फाटकाशी लाल कोटातली बारा माणसं उभी होती.

मम्मींनी फादरना आधीच विचारून ठेवलं होतं. त्या बँडला घेऊन मागच्या भिंतीपाशी गेल्या, त्या फरशीसमोर सगळ्यांना अर्ध्या गोलात उभं केलं आणि मास्तरला म्हणाल्या, "उंबराचं पानी."

आणि वाजायला लागलं. ढोल, ट्रम्पेट, आणि वर चढत जाणारी क्लॅरिनेट. लोक वळून बघायला लागले. पहिल्यांदा कोणाला कळेना, हसावं की गप्प राहावं. मग एक म्हातारी टाळ्या वाजवायला लागली, मग दुसरी, आणि ज्या बायकांच्या लग्नाचं पाणी त्या माणसाच्या क्लॅरिनेटमागून आलं होतं त्या हातातल्या मेणबत्त्या सांभाळत जागच्या जागी डुलायला लागल्या. झाडांना पाणी घालणारे काका झारी घेऊन नाचत होते. माझा नवरा, ज्याला लोक काय म्हणतील याची काळजी, तो भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होता आणि पायाने ठेका धरत होता. मीही रडत होते. काय झालं होतं ते मला आत्ता कुठे कळलं होतं. हा बँड कधी मम्मींचा नव्हताच.

पाच गाणी झाली. मसाल्याचे पैसे संपले. मम्मींनी पदराने फरशी पुसली आणि तोंड तिच्याजवळ नेलं.

"ऐकलंस ना?" त्या म्हणाल्या. "उशीर झाला. रागावू नको."

परत जाताना रिक्षात त्या माझ्या बाजूला बसल्या. दमल्या होत्या, पण चेहरा न्हाल्यासारखा दिसत होता. मी नाक पुसत विचारलं, "आणि मम्मी, तुमच्या वेळेला काय? आता परत मसाला?"

"माझ्या वेळेला काय नको," त्या म्हणाल्या. "वाजवनारा तो. मी ऐकनारी. ऐकून झालं माझं."

मी त्यांचा हात हातात घेतला. रिक्षावाला कधीपासून विचारत होता, कुठे जायचं. मी त्याला कोलशेत सांगितलं.